चमचाभर श्वास

आमच्या घराण्यात सातमाशी मुलांची परंपरा आहे, असे आई मोठ्या अभिमानाने सांगते. तिचे वडील सातमाशी, एक मावसभाऊ सातमाशी. दोघेही कापसात गुंडाळून शेगडीच्या उबेवर वाढवलेले, आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली. ‘सातमाशी जगतो, अठमाशी जगत नाही’ हा आपल्याकडचा जुना समज तिच्या दृष्टीने घरच्या पुराव्याने सिद्ध झालेला. वास्तविक हा समज अगदी उलटा आहे. पोटात जितके दिवस अधिक, तितकी जगण्याची आशा अधिक. पूर्वी महिन्यांचा हिशेब बोटांवर चाले, आणि सातमाशी म्हणून जगलेल्यांपैकी बरेचजण बहुधा चांगले आठ-साडेआठ महिन्यांचे असावेत. पण हे आईला सांगण्याची छाती आमच्यापैकी कोणाला झाली नाही. आणि २०१७ च्या श्रावणात तर ते सांगण्याची इच्छाही उरली नाही. कारण त्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला अठ्ठाविसाव्या आठवड्यातच मुलगा झाला. तिचा रक्तदाब चढत चालला होता आणि थांबणे तिच्याच जिवावर बेतले असते. बाळाचे वजन भरले १ किलो ५० ग्रॅम. वाण्याकडून साखरेची किलोची पुडी आणतो ना, तेवढे.

पुण्यातल्या ज्या रुग्णालयात ती होती, तिथे नवजात बालकांच्या विभागात फक्त आईबापांना प्रवेश असे. आम्ही बाकीचे बाहेरच्या बाकावर. आई जपमाळ घेऊन, मी परीक्षेचे पेपर घेऊन. त्यातला एकही पेपर त्या आठवड्यात तपासून झाला नाही. बाळ जन्मल्यावर रडले, पण ते रडणे मांजराच्या पिलासारखे. तासाभरात त्याचा श्वास कण्हल्यासारखा होऊ लागला, दर श्वासाला बरगड्या आत खेचल्या जाऊ लागल्या. आधी नाकातून हवेचा हलका दाब देऊन पाहिला. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “कार्बन डायऑक्साइड अडुसष्टवर गेलाय. नळी घालून यंत्रावर घ्यावं लागेल.”

प्राणवायू कमी पडला, असे त्या म्हणाल्या असत्या तर आम्हाला लगेच समजले असते. श्वास म्हणजे हवा आत घेणे, एवढेच आपण धरून चालतो. दुसरी बाजू, म्हणजे आतला निरुपयोगी वायू बाहेर टाकणे, ही आपल्या ध्यानीमनीही नसते. या वायूला जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘कर्बद्विप्राणिद’ असे भारदस्त नाव होते. आता तिसरी-चौथीतली पोरेसुद्धा कार्बन डायऑक्साइड म्हणतात. मी या लेखापुरते आटोपशीरपणे ‘कर्बवायू’ म्हणणार आहे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक उदार मनाने क्षमा करतील, अशी आशा आहे.

निरोगी माणसाच्या रोहिणीतल्या रक्तात या वायूचा दाब पस्तीस ते पंचेचाळीस असतो. रक्तदाब ज्या पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात, त्याच मापाने. तेव्हा अडुसष्ट म्हणजे बरेच झाले. बाळाला नळी घातली, आणि त्या नळीतूनच फुफ्फुसात एक पांढरे दुधासारखे औषध सोडले. ते गाईच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातून काढलेले असते. आईने ते कशाचे आहे हे विचारले नाही, आणि आम्हीही आपण होऊन सांगितले नाही.

रात्री दोनच्या सुमाराला मेव्हणे बहिणीच्या खोलीत होते आणि बाळाजवळ घरचे कोणीच नव्हते, म्हणून परिचारिकेने मला हात धुऊन, झगा चढवून पाच मिनिटांसाठी आत सोडले. काचेच्या पेटीत तो होता. अंगावर तारा, नाळेतून सुई, तोंडात सुतळीएवढी नळी. तेवढ्यात रक्ततपासणीच्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. मी वाकून वाचली : २७. अडुसष्टावरून सत्तावीस! मी आनंदाने डॉक्टरीणबाईंना म्हणालो, “वा! उतरला की!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. चिठ्ठी हातात घेतली, यंत्राशी गेल्या, दोन खुंट्या मागे फिरवल्या, बाळाच्या छातीकडे टक लावून उभ्या राहिल्या, आणि मग परिचारिकेला म्हणाल्या, “वीस मिनिटांनी पुन्हा रक्त.” मला म्हणाल्या, “सर, अडुसष्टाची मला एवढी भीती वाटली नव्हती.”

मी बाहेर आलो तो घाबरूनच. आईने विचारले, “काय रे?” मी म्हणालो, “ठीक आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला समजावून सांगितले, तेही उपाहारगृहात, चहाच्या चमच्याने. चमचा पाण्याने भरला आणि म्हणाल्या, “यात पाच मिलिलिटर मावतं. तुमच्या भाच्याचा एक श्वास एवढाच. तुमचा माझा अर्धा लिटरचा असतो. आता या चमच्यात दर वेळी एकाऐवजी दोन चमचे हवा कोंबली, तर काय होईल?”

काय होते ते असे. यंत्र दोन निरनिराळी कामे करते. प्राणवायू किती मिळेल, हे हवेत तो किती मिसळला आहे आणि फुफ्फुस किती दाबाने उघडे धरले आहे, यावर ठरते. कर्बवायू किती बाहेर जाईल, हे मात्र दर श्वासाला किती हवा आतबाहेर झाली आणि मिनिटाला किती वेळा झाली, यावर. आदल्या रात्री बाळाचे फुफ्फुस ताठर होते. चिकटून बसलेल्या फुग्यासारखे. त्यात जोर लावून हवा भरावी लागत होती. औषध गेल्यावर तेच फुफ्फुस अर्ध्या-पाऊण तासात मऊ पडले. जोर मात्र पहिलाच राहिला. त्यामुळे प्रत्येक श्वासाला गरजेपेक्षा जास्त हवा जाऊ लागली, आणि कर्बवायू धुऊन निघाला. नव्या यंत्रांत हवेचे माप ठरवून देता येते, फुफ्फुस मऊ पडले की ते आपणहून जोर कमी करते. त्या रात्रीचे यंत्र जुन्या पद्धतीचे होते. तिथे माणसाने जागे राहायचे असते, आणि त्या बाई जाग्या होत्या.

पण टाकाऊ वायू धुऊन निघाला तर बिघडले कुठे? माझी शंका तीच होती. उत्तर मेंदूत आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या या कर्बवायूच्या हुकमात असतात. तो वाढला की त्या रुंदावतात, घटला की आक्रसतात. आपण भराभर खोल श्वास घेतले की डोके गरगरते, ते यामुळेच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत आतल्या पोकळ्यांभोवतीचा भाग रक्तवाहिन्यांच्या अगदी शेवटच्या टोकाला असतो, नळाच्या लायनीतल्या शेवटच्या घरासारखा. दाब कमी झाला की पहिल्यांदा तिथले पाणी जाते. आणि पायांकडे जाणारे मज्जातंतू नेमके तिथूनच जातात. कर्बवायू फार खाली जाऊन तसाच राहिला, तर हा भाग सुकण्याचा धोका वाढतो. मूल जगते, घरी जाते, सगळे पेढे वाटतात, आणि वर्षा-दीड वर्षाने ध्यानात येते की याचे पाय कात्रीसारखे ताठ होताहेत. उलट कर्बवायू एकदम चढला, किंवा वरखाली हिंदकळत राहिला, तर त्याच भागातल्या कोवळ्या रक्तवाहिन्या फुटून रक्तस्राव होऊ शकतो. पहिले तीन दिवस त्याचे मुख्य भय असते.

एकदा हे कळल्यावर माझी झोप उडाली, आणि मग मी जे मिळेल ते वाचू लागलो. मराठीच्या माणसाला वाचण्यापलीकडे दुसरे काय येते?

वाचता वाचता कळले की कर्बवायू रुग्णाच्या उशाशी मोजण्याची ही विद्या फार जुनी नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडत चाललेल्या ३१ रुग्णांना यंत्रावर ठेवले, त्यांतले २७ दगावले. त्यांच्या रक्तात क्षार वाढलेला दिसे, आणि डॉक्टर मंडळी या गूढ क्षारामागे लागली होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूल देणाऱ्या डॉक्टराने सांगितले की यात गूढ काही नाही. फुफ्फुसाची हालचाल अपुरी पडते, कर्बवायू साचतो, आणि त्याला तोंड देण्यासाठी शरीरच तो क्षार साठवते. २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात छिद्र पाडून, नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून त्याने तिचा श्वास चालवून दाखवला. कर्बवायू उतरला, मुलगी वाचली. मग वैद्यकीचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबू लागले. आमच्या विद्यार्थ्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या प्राध्यापकांनी हे जरूर वाचावे; मीही त्यांतलाच. या साथीतच त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या पॉल आस्ट्रुप यांनी कर्बवायू झटपट मोजायची रीत बसवली. पुढे काही वर्षांत अमेरिकेत तो सरळ रक्तात मोजणारी विद्युत्-शलाका तयार झाली. त्या रात्रीची माझी चिठ्ठी तिचीच नात म्हणायची.

पोलिओच्या रुग्णांचे फुफ्फुस धड होते, स्नायू गेले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दुखणे वेगळे. फुफ्फुसातले बारीक वायुकोश ओले असतात, आणि ओल्या पोकळीची ओढ मिटण्याकडे असते. पूर्ण दिवसांच्या बाळात एक साबणासारखा स्निग्ध पदार्थ तयार होऊन त्यांना मिटू देत नाही. मेरी एलन एव्हरी ही तरुण डॉक्टर बॉस्टनमध्ये दगावलेल्या बाळांची फुफ्फुसे तपासत असता तिच्या लक्षात आले की या फुफ्फुसांत फेस नाही. फेस नाही म्हणजे तो साबण नाही. जेरे मीड यांच्यासह तिने हे १९५९ मध्ये प्रसिद्ध केले.

कारण कळले म्हणून उपाय हाती येतोच असे नाही. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. पॅट्रिक त्याचे नाव. साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन २ किलोच्या वर. म्हणजे माझ्या भाच्याच्या दुप्पट. त्याच्या दुखण्याचे कारण चार वर्षांपूर्वी त्याच बॉस्टनमधून जगाला कळले होते. त्याला त्याच बॉस्टनला नेले, दाबाखाली प्राणवायू भरलेल्या मोठ्या पोलादी कोठीत ठेवले. जगातल्या सर्वांत सत्ताधीश माणसाचा हा मुलगा ३९ तास जगला. आज एवढ्या वजनाचे बाळ गेले, तर डॉक्टर स्वतःला दोष देतील.

त्यानंतर या विद्येने वेग घेतला. नवजात बाळांना श्वसनयंत्रावर ठेवण्याचे प्रयत्न सुरू झाले. पुष्कळ दगावली, काही वाचली. पण १९६७ मध्ये नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्यांच्याच फुफ्फुसांत एक नवा रोग दाखवून दिला. यंत्राच्या जोराने आणि भरमसाट प्राणवायूने ती फुफ्फुसे कायमची जायबंदी झाली होती. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत निराळीच वाट धरली. श्वास बाळानेच घ्यायचा, आपण फक्त हलका दाब ठेवून वायुकोश मिटू द्यायचे नाहीत. त्या रीतीने वीसपैकी सोळा बाळे जगली. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी आईलाच इंजेक्शन देऊन पोटातल्या बाळाचे फुफ्फुस लवकर पिकवण्याची युक्ती सांगितली. (बहिणीला त्यातले एकच मिळाले, दुसऱ्याला वेळ नव्हता.) आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी तो हरवलेला साबणच दहा बाळांच्या फुफ्फुसात सोडून दाखवला.

या सगळ्यात एका माणसाची हकिकत मला विशेष आवडली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. जेन-तियेन वुंग होते. त्यांचा कटाक्ष असा, की होता होईतो यंत्र लावायचे नाही. बाळाच्या नाकात दोन आखूड नळ्या, आणि श्वासाची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. बुडबुडे येत राहतात, पाण्याच्या खोलीएवढा दाब राहतो. कर्बवायू साठच्या घरात गेला तरी बाळ झुंजत असेल, तर ते घाई करीत नसत. इतर ठिकाणी आकडा चाळीस यावा म्हणून यंत्राचा जोर वाढवीत. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या आठ केंद्रांची तुलना प्रसिद्ध झाली. करणारी तीच मेरी एलन एव्हरी. फुफ्फुसे जायबंदी झालेली बाळे सर्वांत कमी कुठे, तर कोलंबियात. अशा तुलनेने सिद्ध काही होत नाही, आठ ठिकाणच्या आठ तऱ्हा असतात. पण डॉक्टर मंडळी विचारात पडली खरी. पुढे पुढे, कर्बवायू थोडा चढू द्यावा पण फुफ्फुसाला मारू नये, असा पंथच निघाला.

पंथ म्हटला की अतिरेक आलाच. थोडा चढू दिला तर बरे, मग आणखी चढू दिला तर आणखी बरे का? जर्मनीत साडेतीनशेहून अधिक अगदी लहान बाळांवर याची रीतसर परीक्षा झाली. एका गटात आकडा पंचावन्नपासून क्रमाक्रमाने पंच्याहत्तरपर्यंत चढू दिला, दुसऱ्यात चाळीस ते साठ. निष्कर्ष २०१५ मध्ये आला : जास्त चढू देण्यात काही फायदा नाही. तेव्हा पहिल्या काही दिवसांत साधारण पंचेचाळीस ते पंचावन्नच्या आसपास, जरा पुढे गेला तरी चालेल. पण पस्तिसाखाली नको, आणि कुठूनही कुठे एकदम नको. गवयाने जसा स्वर धरून ठेवावा, तसा तो धरून ठेवायचा.

मी हे सगळे घरी बोललो नसतो, तर बरे झाले असते. कारण वीस मिनिटांनंतरच्या चिठ्ठीत पस्तीस आला, पहाटे चव्वेचाळीस, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बावन्न. मेव्हणे बँकेत आहेत, आकड्यांचा माणूस. त्यांनी मोबाइलवर ‘पस्तीस ते पंचेचाळीस’ पाहून ठेवले होते. ते तणतणत डॉक्टरीणबाईंकडे गेले. “बावन्न आलाय मॅडम, आणि तुम्ही यंत्र कमी करताय?” त्या शांतपणे म्हणाल्या, “मला बावन्नच हवाय.” मेव्हणे माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही तरी सांगा यांना!” मी चमच्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती पटली नाही. बापाला पटत नाही, मामाला पटते. पण त्यांनी आणखी वाद घातला नाही.

तपासायचे तर रक्त लागते, आणि किलोभराच्या बाळात सगळे मिळून जेमतेम एक लहान पेला रक्त असते. दर तासाला चार थेंब काढायचे म्हटले तरी त्याचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून मग कातडीवर चिकटवायची एक उबदार चकती लावली. ती कर्बवायूचा अंदाज सतत दाखवते. मात्र पोळू नये म्हणून परिचारिका दर काही तासांनी तिची जागा बदलीत. त्या चकतीचा आकडा आम्हा सर्वांच्या बोलण्यात इतका भिनला, की आई माळ ओढता ओढता विचारी, “आता किती?” मी म्हणे, “एकोणपन्नास.” ती म्हणे, “मग ठीक आहे.”

सहाव्या रात्री तिने पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सटवाई येऊन कपाळी लिहिते, तिची सोय नको का? सुनांना तिने असल्या गोष्टींचा कधी आग्रह केला नव्हता. ते तिने रुग्णालयाच्या बाकावर, प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेल्या पाटावर केले. रखवालदार काही बोलला नाही. पाहून न पाहिल्यासारखे करून तो पलीकडे गेला.

सातव्या दिवशी मेंदूची तपासणी होती. बाळाच्या डोक्यावरची टाळू अजून भरलेली नसते, हाड नसलेली ती एक खिडकीच असते. आपल्या आज्या जिथे बोटाने तेल जिरवतात, नेमक्या त्याच जागी ध्वनिलहरींचे उपकरण ठेवून आतले पाहतात. रक्तस्राव दिसला नाही. पण पोकळ्यांभोवतीच्या भागाचे खरे काय ते चार-पाच आठवड्यांनी कळते, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. मी त्यांचा त्याबद्दल आभारी आहे. खोटा दिलासा त्या दिवशी फार स्वस्तात देता आला असता. पाचव्या आठवड्यातही तपासणी स्वच्छ आली. आज तो शाळेत जातो, धावतो. बारीक आहे, थंडीत त्याची छाती भरते. त्या रात्रीच्या वीस मिनिटांनी काही केले की नाही केले, हे कोणीही सांगू शकणार नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर मी विश्वासही ठेवणार नाही.

एक गोष्ट राहिली. नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे यंत्रावरच्या बाळाच्या रडण्याला आवाज नसतो. तोंड वासते, चेहरा लाल होतो, मुठी वळतात, आणि ऐकू काहीच येत नाही. बहिणीला खुर्चीवरून पहिल्यांदा आत नेले, तेव्हा तिने ते पाहिले आणि खोलीत परतल्यावर चार तास ती एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी नळी काढली, नाकात आखूड नळ्या बसवल्या, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सुरू झाले. आम्ही दाराबाहेर होतो. आतून घोगरा, फाटका, एखादे जुने दार करकरावे तसा आवाज आला आणि थांबला. मग पुन्हा आला. आईने मला कोपराने ढोसले.

“आपला का रे?”

दारातून डोकावून परिचारिका म्हणाली, “तुमचाच आहे, आजी. आणि भलताच रागावलाय.”